फायरवॉल आहे, मग आपला सर्व्हर सुरक्षित आहे का?



जुलै २०२४ चा पहिला आठवडा. शाळा सुरू होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. शनिवारी पालकसभा होती. आठवीतल्या एका मुलीचे वडील सॉफ्टवेअर कंपनीत कामाला आहेत. ते उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, सोमवारी ओपनएसएसएचमधली एक मोठी त्रुटी जाहीर झाली आहे. आपल्या शाळेचा सर्व्हर त्यात येतो का?"

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी संगणक शिकवते, त्यामुळे शाळेतली वायर असलेली प्रत्येक वस्तू माझ्या नावावर असते, अगदी वॉटर कूलरसुद्धा. मी ताबडतोब उत्तर दिलं, "आपल्याकडे फायरवॉल आहे." ते गृहस्थ सभ्य होते. "हो, पण माझा प्रश्न तो नव्हता," एवढंच म्हणाले आणि बसले.

सभा संपल्यावर मी सर्व्हरची देखभाल करणाऱ्यांना फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "मॅडम, फायरवॉल आहे ना? मग कशाला टेन्शन घेता?" म्हणजे मी दिलं तेच उत्तर. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते किती पोकळ आहे ते कळलं.

आता त्या सर्व्हरवर काय आहे ते सांगते, म्हणजे हा नुसता संगणकाचा धडा नाही हे लक्षात येईल. साडेआठशे मुलांची नावं, जन्मतारखा, पत्ते, पालकांचे मोबाइल नंबर, सहा वर्षांचे गुण, आधार कार्डांच्या स्कॅन केलेल्या प्रती, आणि समुपदेशक बाईंनी लिहिलेल्या काही मुलांबद्दलच्या नोंदी. गुणपत्रक हरवलं तर पुन्हा छापता येतं. त्या नोंदी बाहेर गेल्या तर परत घेता येत नाहीत.

पुढचे चार दिवस मी हा प्रश्न नीट सोडवला आणि नंतर नववीच्या वर्गात त्याचाच पाठ घेतला. तोच इथे मांडते आहे. ओपनएसएसएचची ती त्रुटी आता जुनी झाली. पण दर दोन-चार महिन्यांनी नवीन नावाची त्रुटी येते आणि पालक तोच प्रश्न विचारतात. तो सोडवायची रीत मात्र बदलत नाही.

आधी फाटक आणि दारं

सर्व्हर म्हणजे आपली शाळेची इमारत समजा. तिला अनेक दारं आहेत आणि प्रत्येक दाराला क्रमांक आहे. या क्रमांकाला पोर्ट म्हणतात. ४४३ क्रमांकाच्या दारावर संकेतस्थळ बसतं. ४४५ वर विंडोजची फाइल-देवाणघेवाण असते. २२ वर एसएसएच, म्हणजे लांबून सर्व्हरमध्ये शिरून कामं करण्याची सोय. हे २२ नंबरचं दार साधं नाही. ते थेट मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये उघडतं, कारण आत आलेल्या माणसाला सगळ्या कपाटांच्या किल्ल्या मिळू शकतात.

फायरवॉल म्हणजे फाटकावरचे मामा. त्यांच्या हातात एक यादी आहे: कोण कुठून आला आणि त्याला कोणत्या दाराकडे जायचं आहे. यादीत बसत असेल तर सोडायचं, नाहीतर परत पाठवायचं. साधी फायरवॉल एवढंच करते. आलेल्याच्या पिशवीत काय आहे ते मामा बघत नाहीत. महागड्या फायरवॉल पिशवीही बघतात, पण पिशवीला कुलूप असेल, म्हणजे माहिती सांकेतिक रूपात असेल, तर त्यांचंही फारसं चालत नाही.

आणि त्रुटी? एखाद्या दाराची कडी कच्ची असणं. मामा कितीही चोख असले तरी कडी कच्ची ती कच्चीच. मामांमुळे एवढंच ठरतं की त्या कडीपर्यंत कोण पोचणार. पालकांनी मला कडीबद्दल विचारलं होतं आणि मी मामांबद्दल सांगत होते.

पुसून गेलेली ओळ

१ जुलै २०२४ रोजी क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ही त्रुटी जाहीर केली. तिचा अधिकृत क्रमांक सीव्हीई-२०२४-६३८७. तिला त्यांनी 'रिग्रेशन' या शब्दात एसएसएच गुंफून नाव दिलं. रिग्रेशन म्हणजे एकदा सुधारलेली चूक परत येणं. आपल्या शिक्षकांना हे काही नवीन नाही. मुलानं निबंधाच्या कच्च्या वहीत आपण खूण केलेली चूक सुधारलेली असते, आणि पक्क्या वहीत उतरवताना तीच चूक पुन्हा हजर. इथे अगदी तसंच झालं. २००६ मध्ये सापडलेली चूक ४.४पी१ या आवृत्तीत सुधारली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये कोडची मांडणी बदलताना ती सुधारणा नकळत पुसली गेली, आणि मार्च २०२१ च्या ८.५पी१ पासून चूक परत आली. ती ९.८पी१ मध्ये पुन्हा सुधारली.

चूक काय होती? यासाठी मी वर्गात छोटं नाटक केलं. एक मुलगा ऑफिसातला लेखनिक. समोर आवक-जावक नोंदवही. येणाऱ्या माणसानं दोन मिनिटांत ओळख पटवायची, नाहीतर घंटा वाजते आणि त्याला बाहेर काढतात. ओपनएसएसएचमध्येही ही मुदत ठरावीक असते, मुळात १२० सेकंद. घंटा वाजली की लेखनिकानं हातातलं काम जसं असेल तसं सोडून घंटेचं काम करायचं. त्याचा एक कडक नियम होता: घंटेच्या वेळी नोंदवहीला हात लावायचा नाही. कारण मूळ नोंद अर्धवट असेल आणि त्याच पानावर दुसरी नोंद घुसडली, तर पान बिघडतं. २०२० मध्ये पुसला गेला तो हा नियम. घंटा झाल्यावर लेखनिक पुन्हा त्याच वहीत लिहू लागला.

हल्लेखोर काय करतो? मुद्दाम गप्प उभा राहतो, आणि घंटेचा क्षण नोंद अर्धवट असतानाच यावा असा बेत जमवतो. बहुतेक वेळा जमत नाही. जमलं तर वहीतला घोळ आपल्या सोयीचा करून घेतो आणि पासवर्डशिवाय सर्व्हरचा पूर्ण ताबा मिळवतो.

"बहुतेक वेळा जमत नाही" म्हणजे किती वेळा? इथे आठवीचं गणित कामाला येतं. संशोधकांनी ३२ बिटच्या लिनक्सवर करून पाहिलं, तर सरासरी सुमारे १०,००० प्रयत्न लागले. एका वेळी १०० जण उभे राहू शकतात आणि एक फेरी १२० सेकंदांची. म्हणजे १०० फेऱ्या, १२,००० सेकंद, सव्वातीन तासांच्या थोडं वर. त्यात आणखी एक अंदाज निम्म्याच वेळा बरोबर येतो, म्हणून सगळं मिळून सरासरी सहा ते आठ तास. मुलांना सोडवायला दिलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "बाई, म्हणजे एका रात्रीत!" बरोबर. संध्याकाळी शाळा सुटते आणि सकाळी उघडते, त्याच्या आत.

६४ बिटच्या यंत्रावर हे करून दाखवलेलं नव्हतं, पण शक्य आहे असं संशोधकांचं मत होतं. आमचा सर्व्हर ६४ बिटचा आहे. याचा अर्थ आम्हाला थोडा वेळ मिळाला, एवढाच मी घेतला.

पहिला प्रश्न: ती कडी आपल्याकडे आहे का?

बातमीत धोक्याचे गुण दिले होते, १० पैकी ८.१. हे गुण त्रुटीचे असतात, आपल्या सर्व्हरचे नव्हेत. ८.१ वाचून घाबरणं जितकं चूक, तितकंच कमी आकडा वाचून निश्चिंत होणंही चूक. आपल्या घरात काय आहे ते आपणच बघायचं.

मी शाळेतली यंत्रं वहीत लिहून काढली. निकालांचा सर्व्हर उबंटू २२.०४ वर. ग्रंथालयातला जुना संगणक उबंटू २०.०४ वर. ऑफिसातली विंडोजची तीन यंत्रं. त्यांवर एसएसएचची सेवा बसवलेलीच नव्हती, आणि ही त्रुटी मुळात लिनक्सवर दाखवलेली. ती बाजूला ठेवली.

ग्रंथालयाच्या संगणकात ओपनएसएसएच ८.२पी१ निघालं. मुलांना वाटलं, जुनं आहे म्हणजे नक्की धोक्यात. पण चूक परत आली ८.५ पासून. ८.२ त्या मधल्या, सुधारलेल्या काळातलं आहे, म्हणून या त्रुटीपासून ते सुटलं. (फक्त या त्रुटीपासून. त्या संगणकाच्या बाकीच्या दुखण्यांवर स्वतंत्र लेख होईल.)

निकालांच्या सर्व्हरवर ८.९पी१ होतं. ८.५ आणि ९.८ च्या मध्ये, म्हणजे बाधित. इथे माझी पहिली चूक झाली असती. उबंटू, डेबियन, रेड हॅट ही मंडळी आपल्या स्थिर आवृत्तीत नवं ९.८ बसवत नाहीत. जुन्या ८.९ मध्येच तेवढी सुधारणा शिवून देतात. पँट नवी न घेता गुडघ्याला ठिगळ लावावं तसं. त्यामुळे दुरुस्त झाल्यावरही मुख्य क्रमांक ८.९पी१ हाच राहतो. नुसता हा क्रमांक पाहणारा माणूस, किंवा नुसता हा क्रमांक पाहणारं तपासणीचं सॉफ्टवेअर, दुरुस्त सर्व्हरलाही आजारी ठरवतं. खरं उत्तर क्रमांकाच्या शेपटात असतं. उबंटू २२.०४ साठी दुरुस्त पॅकेजचं शेपूट होतं '३उबंटू०.१०'.

आमच्या सर्व्हरवर शेपूट होतं '३उबंटू०.१'.

वर्गात फळ्यावर दोन्ही लिहिले आणि विचारलं, सारखे आहेत का? सगळा वर्ग एका सुरात "हो बाई!" गणिताच्या तासाला हेच उत्तर बरोबर असतं. ०.१ आणि ०.१० सारखेच, शेवटच्या शून्याला किंमत नाही, हे मीच त्यांना सातवीत घोकून घेतलं होतं. पण आवृत्तीचा क्रमांक दशांश अपूर्णांक नसतो. तिथला टिंब म्हणजे पत्त्यातल्या 'इमारत ३, खोली १०' यातल्या स्वल्पविरामासारखा. खोली १ आणि खोली १० यांत नऊ दारांचं अंतर आहे. आमचा सर्व्हर पहिल्या ठिगळावर होता आणि औषध दहाव्यात होतं.

ठिगळं का लागली नाहीत?

उबंटूचा सर्व्हर सुरक्षेची अपडेट आपण न सांगताही घेतो. मग आमचा का अडला? याचं उत्तर मिळालं तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. फायरवॉलमुळे! सर्व्हरनं बाहेर कुणाशीच बोलायचं नाही असा नियम चौदा महिन्यांपूर्वी लावला होता. नियम मुळात वाईट नाही. डिसेंबर २०२१ ची लॉग४जेची त्रुटी आठवत असेल. त्यात हल्लेखोर एखाद्या साध्या चौकटीत विशिष्ट मजकूर लिहायचा, सर्व्हर तो नोंदवहीत उतरवायचा, आणि उतरवता उतरवता स्वतःच बाहेर जाऊन हल्लेखोराचा कोड घेऊन यायचा. मजकूर संकेतस्थळाच्या उघड्या दारातून रीतसर यायचा, मामांनी अडवायचं कुणाला? तिथे सर्व्हरला बाहेर जायची बंदी खूप कामाची ठरली.

पण आमच्याकडे बंदी सरसकट होती. अपडेट देणाऱ्या उबंटूच्या सर्व्हरांनासुद्धा. रोज रात्री आमचा सर्व्हर औषध आणायला फाटकापर्यंत जायचा आणि मामा त्याला परत पाठवायचे. चौदा महिने. कुणाला पत्ता नाही, कारण 'अपडेट आली नाही' अशी घंटा कुणी लावलीच नव्हती.

दुसरा प्रश्न: कडीपर्यंत कोण पोचतं?

आता फायरवॉलची पाळी. देखभालवाल्यांनी पाठवलेल्या कागदावर '२२ बंद' असं लिहिलेलं होतं. मी ठरवलं की कागद बाजूला ठेवायचा आणि बाहेरून दार ठोठावून बघायचं.

इथे एक गोष्ट पालकांसाठी आवर्जून लिहिते. दार ठोठावणं हे फक्त स्वतःच्या किंवा लेखी परवानगी असलेल्या यंत्रावरच करायचं. मी मुख्याध्यापकांची सही घेतली. दुसऱ्याच्या संगणकात त्याच्या परवानगीशिवाय शिरण्यावर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ आहे, आणि तेच वाईट हेतूनं केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. "बाई, आम्ही शेजारच्या शाळेचं बघू का?" हा प्रश्न वर्गात येतोच. नाही म्हणजे नाही.

दुसरी काळजी अशी की, तपासणी शाळेच्या वायफायवरून करायची नाही. आत बसून बाहेरचं फाटक तपासता येत नाही. मी घरी गेले, मोबाइलच्या डेटावर लॅपटॉप जोडला आणि शाळेच्या पत्त्यावर २२ नंबर ठोठावला. काही उत्तर नाही. चांगलं. मग कागदावर नसलेले काही नेहमीचे पर्यायी क्रमांक पाहिले. २२२२ वर पलीकडून लगेच नाव आलं: ओपनएसएसएच ८.९पी१, उबंटू, ३उबंटू०.१.

जेवायचं ताट समोर होतं, ते तसंच राहिलं.

मागे जाऊन शोधल्यावर कळलं. २०२० च्या टाळेबंदीत देखभालवाल्यांना शाळेत येता येत नव्हतं, म्हणून लांबून काम करायला 'तात्पुरतं' एक दार उघडलं होतं. बाहेर २२२२, आत २२. कुठून येणाऱ्याला? कुणालाही, जगातून कुठूनही. सर्व्हर २०२२ मध्ये बदलला, उबंटू नवं आलं, पण फाटकावरच्या यादीतली ती ओळ तशीच राहिली. कागदावर लिहिलेलं '२२ बंद' हे शब्दशः खरं होतं. शाळेची मागची खिडकी उघडी ठेवून पुढच्या दाराला कुलूप लावल्याचं प्रमाणपत्र द्यावं, तसं खरं.

दाराचा नंबर बदलल्यानं दार बंद होत नाही. जे लोक दिवसरात्र इंटरनेटवरचे पत्ते ठोठावत बसतात, ते सगळेच नंबर ठोठावतात. आपल्या शाळेचं नाव त्यांना माहीत असण्याची गरज नसते. "आमच्या गावातल्या शाळेवर कोण हल्ला करणार?" असं मला दोघातिघांनी विचारलं. गाव कुणी बघत नाही हो, दार बघतात.

आणखी एक जागा मी बघितली ती नव्या पद्धतीच्या लांब पत्त्याची, म्हणजे आयपीव्ही६ ची. काही ठिकाणी फायरवॉलचे सगळे नियम जुन्या पद्धतीच्या पत्त्यांना असतात आणि नव्या पद्धतीनं आलेल्याला कुणी विचारतच नाही. आमच्याकडे ती जोडणीच नव्हती, प्रश्न मिटला.

आतून येणाऱ्याचं काय?

समजा २२२२ ही भानगड नसती आणि बाहेरचं प्रत्येक दार खरंच बंद असतं. तर उत्तर 'सुरक्षित' झालं असतं का?

वर्गात मी न्हावा-शेवाची गोष्ट सांगितली. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा हल्ला जगभर पसरला. डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीचे संगणक बसले, आणि त्यांच्या समूहाकडे असलेल्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. उरणच्या बाजूला कंटेनरच्या ट्रकांचा खोळंबा झाला. हल्ल्याची सुरुवात कुठे होती? युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये. म्हणजे तो फाटक फोडून आला नाही, रोजच्या ओळखीच्या पोस्टमनच्या हातून आला. आणि एकदा आत आल्यावर ४४५ च्या दारातली विंडोजची कच्ची कडी, शिवाय यंत्रांच्या स्मृतीतून उचललेले पासवर्ड, हे वापरून एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेला. त्या कडीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं १४ मार्च २०१७ रोजीच दिली होती. १२ मेच्या वॉनाक्रायनंतरही ती अनेकांनी बसवली नव्हती. कारण तेच: आपण फायरवॉलच्या मागे आहोत.

आता आपली शाळा बघा. आमच्या प्रयोगशाळेतले पंचवीस संगणक, शिक्षक-खोलीतलं वायफाय आणि निकालांचा सर्व्हर, सगळे एकाच जाळ्यात होते. मध्ये एकही मामा नाही. वायफायचा पासवर्ड शिक्षक-खोलीच्या फळ्यावर खडूनं लिहिलेला, मागच्या गॅदरिंगपासून. कुणाचा तरी लॅपटॉप घरून विषाणू घेऊन आला, की तो सर्व्हरच्या २२ नंबरच्या दारासमोर उभा.

म्हणून 'फायरवॉल आहे' या वाक्यापुढे लगेच विचारायचं: कुणाच्या आणि कुणाच्या मध्ये?

आधीच कुणी येऊन गेलं नाही ना?

हा प्रश्न सगळे विसरतात. दार बंद करण्याआधी मी नोंदवही वाचली. या हल्ल्यातला प्रत्येक फसलेला प्रयत्न खूण सोडतो. ओळख न पटवता वेळ संपली, अशी एक ओळ सर्व्हरच्या नोंदीत पडते. दहा हजार प्रयत्न म्हणजे अशा हजारो ओळी, त्याही काही तासांत एकमेकींना खेटून. आमच्या नोंदीत चुकीच्या पासवर्डांचा नुसता पाऊस होता, तो उघड्या दारावर नेहमीच असतो. पण वेळ संपल्याच्या ओळी मोजून पन्नासही नव्हत्या, त्याही विखुरलेल्या. या रीतीनं कुणी आत आल्याचं दिसत नव्हतं.

पण नोंदी फक्त मागच्या चार आठवड्यांच्या होत्या, त्याआधीच्या आपोआप पुसल्या जातात. आणि सर्व्हरचा पूर्ण ताबा मिळालेला माणूस नोंदीही पुसू शकतो. त्यामुळे 'कुणी आलं नाही' असं मी लिहिलं नाही. 'गेल्या चार आठवड्यांच्या नोंदींत खूण आढळली नाही' असं लिहिलं. मुख्याध्यापकांना हे वाक्य आवडलं नाही, जरा ठाम लिहा म्हणाले. मी नाही लिहिलं. प्रयोगवहीत न पाहिलेलं निरीक्षण लिहू नका असं मुलांना सांगायचं आणि पालकांना मात्र ते लिहून द्यायचं, हे जमलं नाही.

मग काय केलं?

त्याच रात्री देखभालवाल्यांना उठवून २२२२ बंद करून घेतलं. दुसऱ्या दिवशी सर्व्हरला फक्त उबंटूच्या अपडेट-सर्व्हरांपर्यंत जायची परवानगी दिली. अपडेट उतरली, शेपूट ०.१० झालं. पॅकेज बदललं म्हणजे काम झालं असं नसतं. जुनी सेवा स्मृतीत तशीच चालू राहिली तर उपयोग नाही. म्हणून ती पुन्हा सुरू झाली आहे ना, हे चालू झाल्याच्या वेळेवरून तपासलं. अपडेट शक्यच नसती तर एक तात्पुरता उपाय होता. दोन मिनिटांची मुदत शून्य करायची, म्हणजे घंटाच वाजत नाही आणि हा हल्ला होत नाही. पण मग गप्प उभे राहणारे कधीच बाहेर काढले जात नाहीत, सगळ्या जागा अडवून बसतात आणि आपल्यालाच आत जाता येत नाही. आठवडाभरासाठी चाललं असतं, कायमचं नाही.

सर्व्हर आता वेगळ्या जाळ्यात आहे. प्रयोगशाळेतून त्याचं फक्त संकेतस्थळाचं दार दिसतं. शिक्षक-खोलीचा फळा मी स्वतः पुसला.

वर्गातला तक्ता

पाठाच्या शेवटी मुलांनी प्रत्येक यंत्रापुढे चारपैकी एक शेरा लिहायचा होता: लागू नाही, लागू आहे पण वाट बंद, लागू आहे आणि वाट उघडी, माहीत नाही. सगळी चर्चा दुसऱ्या शेऱ्यावर झाली. पहिला आणि दुसरा एकच नाही का, असं बऱ्याच जणांना वाटत होतं. मग एका मुलानं स्वतःच सांगितलं, "बाई, पहिल्यात कडी पक्की आहे. दुसऱ्यात कडी कच्चीच आहे, फक्त मामा जागे आहेत." मी तक्त्यात त्या शेऱ्यापुढे तारखेचा रकाना वाढवला. दुसरा शेरा लिहिला, तर कडी कोणत्या तारखेपर्यंत बदलणार तेही लिहायचं.

'माहीत नाही' हा शेरा मुलं लिहायला तयार नसतात. परीक्षेत त्याला गुण नसतात ना. इथे मी त्याला पूर्ण गुण ठेवले, अट एकच: कुणाला विचारायचं तेही लिहायचं.

ग्रंथालय: लागू नाही. निकालांचा सर्व्हर: शनिवारी लागू आणि वाट उघडी, आता दुरुस्त. तक्ता पूर्ण झाला असं मला वाटलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, फायरवॉलची पेटी पण एक संगणकच आहे ना? तिच्यात कोणतं ओपनएसएसएच आहे?"

खरंच की. ती पेटीही आतून लिनक्सवरच चालते, आणि तिलाही देखभालीसाठी एसएसएचचं दार आहे. मामांच्या स्वतःच्या घराची कडी कुणी तपासलीच नव्हती. त्याच दिवशी पेटीचं मॉडेल आणि आवृत्ती लिहून कंपनीला पत्र पाठवलं, आणि तिचं ते दार फक्त माझ्या टेबलावरच्या संगणकापुरतं उघडं ठेवलं. उत्तर यायला नऊ दिवस लागले. तोपर्यंत तक्त्याच्या शेवटच्या ओळीत 'माहीत नाही' होतं, आणि पालकांना पाठवलेल्या पत्रातही मी तेच लिहिलं होतं.